तांबड्याचा वाटा

आखातातल्या आमच्या लाकडाच्या वखारीतली फोर्कलिफ्ट पिवळीधमक आहे. तरी दाऊदचाचा तिला 'तांबड्या' म्हणत. सकाळी चावी फिरवण्याआधी पत्र्यावर दोन थापा मारत. नाश्त्याला एक खजूर खाल्ला, की दुसरा बॉनेटवर ठेवत. "त्याचा वाटा." तो वाटा एक बुलबुल रोज गट्टम करी, पण चाचांना ते कोण सांगणार?

मी तिथे क्लार्क, वसईचा. चाचा रायगडच्या डोंगरातले, म्हणून मी त्यांचा हक्काचा श्रोता. त्यांच्या गावात जंगलातून ओंडके ओढायला सगळ्यांकडे रेडे. चाचांच्या बापाने मात्र माथेरानला पर्यटक वाहून कंटाळलेला एक तांबडा घोडा आणला. गाव पोट धरून हसलं. "रेडे डबक्यात बसले की उठायचे नाय," चाचा सांगत, "आमचा तांबड्या दुपारभर साग ओढायचा."

जवळच्या जनाबिया वस्तीतल्या बंगल्यांसाठी फळ्या निघत त्या वखारीच्या उतारावरून. दर खेपेला उताराच्या तोंडाशी चाचा थांबत, खाली उतरत, मागे जाऊन वाकून चाकं बघत आणि मगच पुढे निघत. ट्रकवाले घाई करत "यल्ला चाचा, यल्ला" म्हणून भोंगे वाजवत. मीही हसायचो. इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही, की मागे काय बघता. याचं आता वाईट वाटतं.

मग नवा मॅनेजर आला. चाचांचा व्हिसा त्याच महिन्यात संपत होता. "सोमवारी स्वतः काम बघतो, मग सही," तो म्हणाला. मी चाचांना गाठलं.

"चाचा, सोमवारी तेवढं उतरू नका. एकच दिवस."

"बरं," चाचा म्हणाले.

सोमवारी मॅनेजर घड्याळ बघत खाली उभा. चाचा उतारापाशी आले, थांबले. मी खिडकीत जीव मुठीत धरून. चाचा उतरले, मागे गेले, वाकले. नेहमीपेक्षा जास्तच वेळ.

व्हिसा खलास.

"का उतरलात?" मी चिडलोच. चाचांनी चावी माझ्या टेबलावर ठेवली.

"उतार आला की साखळी सोडायची, ओंडका आधी खाली जाऊ द्यायचा, मग जनावर. बापाने शिकवलेलं. त्या दिवशी एजंट महाडला व्हिसाचे कागद घेऊन बसलेला. यष्टी चुकेल म्हणून मी साखळी सोडलीच नाय. ओंडका मागून आला, तांबड्याच्या पायावर. आठ दिवसांत मी इथं. बाप पत्रात लिहायचा, तांबड्या बरा हाय. दोन वर्षांनी सुट्टीवर गेलो, तर गोठा रिकामा."

चाचांनी चावी माझ्याकडे सरकवली.

"एकदा व्हिसासाठी उतारावर घाई केली, पास्कल. आता नाय."

चाचा गावी गेले. नवा ड्रायव्हर चपळ आहे, उतारावर थांबत नाही. पहिल्याच सकाळी त्याने बॉनेटवरचा खजूर झटकून टाकला.

तो मी ठेवला होता.