शेवटच्या दोनशे मीटरचं शास्त्र

मंडळी, पनवेलमध्ये हुशार माणसांना तोटा नाही, पण पळणाऱ्याकडे नुसतं बघून तो कुठे गळणार हे सांगणारा माणूस एकच, अब्राहम आपटेकर! तीस वर्षं विम्याच्या कचेरीत बसून कोण किती टिकेल याचा अंदाज बांधला, आणि निवृत्त झाल्यावर तीच विद्या शर्यतींवर चालवायला घेतली. टीव्हीवर लांब पल्ल्याची शर्यत लागली की काका खुर्चीच्या टोकावर. "हा गळणार! तो बघ, पांढऱ्या मोज्यांचा, तो शेवटच्या दोनशे मीटरला किक मारणार!" शेवटी शेवटी अंगातला उरलासुरला जोर काढून सुसाट सुटायचं, त्याला पळणारे किक म्हणतात. आणि खोटं कशाला बोला, काकांनी सांगितलेला गडी बऱ्याचदा सुटायचाही.

घोडं अडत होतं ते स्वतःच्या बाबतीत. जिल्ह्याच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेत, साठीच्या पुढच्या गटात, पाच हजार मीटरच्या शर्यतीत काका चार वर्षं ओळीने चौथे आले होते. पदकं तीन. चौथ्याला कागदाचं प्रमाणपत्र आणि टाळ्या, त्याही घरच्यांच्या.

"यंदा पदक घेतल्याशिवाय मैदान सोडणार नाही!" काकांनी जाहीर केलं.

"बरं," मझलकाकू मेथी निवडत म्हणाल्या.

"बरं काय? तिकडे परदेशात लेकीला फोनवर सांगून टाकलंय मी. याएल, पप्पा यंदा गळ्यात पदक घालून फोटो पाठवणार म्हणून!"

"मग आता पळा. मला काय सांगताय?"

पण नुसतं पळून भागत असतं तर काय हवं होतं! काकांनी प्रतिस्पर्ध्यांवर पाळत ठेवायला सुरुवात केली. कळंबोलीचे निवृत्त फौजदार सकाळी तळ्याभोवती फिरायचे, त्यांच्यामागे काका वर्तमानपत्राआडून. खारघरचे निवृत्त प्राध्यापक टेकडीकडे पळायचे, तिथे काका झुडपाआड. मोरा बंदराचा दिनानाथ कोळी मात्र धक्क्याच्या रस्त्यावर पळायचा, आणि तिथे आडोसा कसला मिळणार? काका मासळीच्या टोपल्यांमागे उकिडवे बसले.

"काय पायजे, भावा?" समोर दिनानाथची बायको, गुणाबाई!

काकांची बोबडी वळली. "हे... हे द्या!" म्हणून त्यांनी डोळे मिटून बोट दाखवलं, आणि शेरभर कोलंबी घेऊन घरी आले.

"कोलंबी?" काकू किंचाळल्याच. "अहो, खवल्याशिवायचं कधी आलंय का आपल्या घरात? बेने इस्रायल ज्यूंचं घर आहे हे! आजोबा वरून बघत असतील!"

"टेहळणीला गेलो होतो."

"मग टेहळणी घेऊन यायची, हे कशाला आणलंत?" काकूंनी पिशवी दोन बोटांत धरून शेजारच्या शोभाताईंना देऊन टाकली. पुढे तीन रविवार शोभाताईंनी काकांच्या धावण्याला मनापासून पाठिंबा दिला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी काकांचं शास्त्र तयार झालं. आता हे शास्त्र माणसाने पोटात ठेवावं की नाही? पण विद्वान माणसाच्या पोटात काही राहतंय का! काकांनी ते सगळंच्या सगळं ज्येष्ठ धावपटूंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. दिनानाथ, दम दांडगा, किक शून्य. फौजदार, सुरुवातीला जोर, मग पोट आडवं येणार. प्राध्यापक, किक आहे पण घाई करतात. आणि खाली ठळक अक्षरांत, 'शेवटच्या दोनशे मीटरआधी जो पुढे जाईल तो मेला!'

"तुम्ही हे त्यांनाच सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"दडपण, मझल! दडपण येतं समोरच्यावर!"

ग्रुपवर कोणी साधा अंगठाही दाखवला नाही. दडपण आल्याचं ते लक्षण आहे, असं काकांनी धरलं.

रविवारी सकाळी खारघरच्या मैदानावर सगळे जमले. काकांनी चष्मा काढून काकूंच्या पर्समध्ये ठेवला, घामाने घसरतो म्हणून. रोडपालीहून कुमार नावाचे एक नवे, काटकुळे गृहस्थ आले होते, पायात कॅनव्हासचे बूट. काकांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि सोडून दिलं. हे कसले पदक मारतात!

पिस्तूल वाजलं, आणि मंडळी, कोणीही पळेना!

म्हणजे पाय हलत होते, पण पुढे कोणी जाईना. सगळ्यांनी काकांचं शास्त्र तोंडपाठ केलेलं! एरवी फौजदारी जोराने सुटणारे फौजदार आज नव्या नवरीसारखे जपून पावलं टाकत होते. प्राध्यापक दिनानाथकडे बघत होते, दिनानाथ काकांकडे.

"जा ना पुढे, दिनानाथ!" काका दबक्या आवाजात म्हणाले.

"मी नाय जात! तुमीच लिवलंय नं, म्होरं जाईल तो मेला? तुमी जा!"

"मी कसा जाईन? शास्त्र माझं आहे!"

"फौजदारसाहेब, आपण?" प्राध्यापक म्हणाले.

"आम्हाला पोट आडवं येतं!" फौजदार तुटकपणे म्हणाले. ते वाक्य त्यांना भलतंच लागलेलं दिसलं.

तेवढ्यात कुमार एकटेच मुकाट्याने पुढे निघून गेले. "जाऊ द्या!" काका सगळ्यांना म्हणाले. "असा एखादा असतोच. चार फेऱ्यांत गळेल!" काकांचा शब्द म्हणजे शब्द. चौघांनी कुमारांचा विषय सोडला आणि पुन्हा एकमेकांच्या पायांवर नजरा लावल्या. शर्यतीची जणू सावकाश सायकल स्पर्धा झाली. कडेने फिरायला आलेल्या दोन बायका गप्पा मारत त्यांच्या पुढे निघून गेल्या. काकू छत्रीखालून ओरडल्या, "अहो, पळताय ना?"

फेऱ्यांमागून फेऱ्या गेल्या. आणि मग काकांना मागून धापा ऐकू आल्या. डोळे बारीक करून बघतात तर कुमार! चेहरा लालबुंद, एक हात बरगडीवर.

"मंगाशी ह्यो म्होरं व्हता ना?" दिनानाथने विचारलं.

"गळला! बोललो होतो की नाही? कधीच मागे पडला!" काका खूश झाले. पण माणूस मनाचा मोठा. कुमार बरोबरीला आले तशी काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "अहो, हिंमत सोडू नका! शेवटचं येण्यात कमीपणा नाही, पण मैदान सोडायचं नाही! चला, पाय उचला, आम्ही आहोत!"

कुमारांनी डबडबलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, दात-ओठ आवळले आणि दोन पावलं पुढे सरकले. तोच टण टण टण! शेवटच्या फेरीची घंटा!

काय सांगू! चौघेही धनुष्यातून सुटल्यासारखे सुटले. इतका वेळ राखून ठेवलेला जोर होता, तो सगळा एकदम बाहेर आला. कुमार बिचारे कुठच्या कुठे मागे राहिले. फौजदारांचं पोट काकांच्या पुढे आणि पोटामागे फौजदार. दिनानाथने किक मारली, शून्य किकवाल्या दिनानाथने! काकांनी बरोबर दोनशे मीटरची खूण आल्यावर दातावर दात रोवले. यंदा चौथा नाही. काय वाट्टेल ते होवो, चौथा नाही! त्यांनी प्राध्यापकांना गाठलं, मागे टाकलं आणि दोन्ही हात वर करून रेषा ओलांडली. तिसरे! तिसरे! काका तिथल्या तिथे ट्रॅकवर आडवे झाले आणि आभाळाकडे बघून हसायला लागले.

"काका, उठा! फीत धरायची आहे, बाजूला व्हा!" घंटा वाजवणारी अनुष्का, स्पर्धेची पंच, त्यांच्या डोक्याशी उभी होती.

"आता कसली फीत? शर्यत झाली!"

"कुमारकाकांची होतेय. ते आले बघा! तुमची एक फेरी बाकी आहे."

"त्यांची होते आणि आमची बाकी? ते तर मागे होते!"

"मागे कुठले? अख्खी फेरी पुढे होते ते! घंटा त्यांची होती, तुम्हीच का सुटलात, आम्हाला कळेना!"

कुमार लडखडत आले आणि त्यांच्या छातीवर फीत तुटली. पहिले!

त्यानंतर जो गोंधळ झाला, तो विचारू नका. फौजदार पंचांना कलमं सांगू लागले. प्राध्यापक "हे तर्काला धरून नाही" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. दिनानाथ मात्र काकांवर तुटून पडला. "तुमी बोललाव गळला! गळला म्हने! आता काय गळलंय ते बगा!"

काकांना काही ऐकू येत नव्हतं. डोक्यात एकच हिशेब चालला होता. पहिलं पदक गेलं. राहिली दोन. माणसं चार. आणि फेरी एक! काका कोपरांवर उठले, गुडघ्यांवर आले, उभे राहिले आणि सगळे भांडत असताना गुपचूप चालू लागले.

"ओ! ह्यो बगा निंगाला!" दिनानाथ ओरडला. मग काय, चौघांची वरात निघाली. पळणं कुणालाच शक्य नव्हतं. प्राध्यापक दर दहा पावलांवर खाली बसत होते. दिनानाथ मात्र फेंगडा फेंगडा चालत पुढे निसटला आणि दुसरा आला. राहिलं एक पदक. त्यासाठी काका पुढे, फौजदार हातभर मागे.

"अहो, या! अहो, थोडंच राहिलंय!" आता मझलकाकूही छत्री फेकून ट्रॅकच्या कडेने चालत होत्या. एवढी वर्षं नुसतं "बरं" म्हणणाऱ्या काकू! काकांचा ऊर भरून आला. त्यांनी सगळं बळ एकवटलं आणि किक मारली.

किक आली, नाही असं नाही. पोटरीत आली. असा काही गोळा आला की काका एका पायावर लंगडी घालू लागले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फौजदारांचं पोट रेषेपलीकडे गेलं. पाठोपाठ फौजदार.

चौथे!

काकू त्यांची पोटरी चोळत बसल्या होत्या. "जाऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या, "मी बघितलं ना. तुम्हीच आधी उठलात." आणि त्या पाणी आणायला नळाकडे गेल्या.

तेवढ्यात गळ्यात सुवर्णपदक घातलेले कुमार शोधत शोधत आले आणि थेट काकांच्या पायाशी बसले.

"आपटेकरसाहेब, हे पदक तुमचं हो! बरगडीत अशी कळ निघाली होती की मी शर्यत सोडून बाहेर पडणारच होतो, देवाशप्पथ! पाऊल ट्रॅकबाहेर टाकणार, तेवढ्यात तुम्ही पाठीवर थाप मारलीत. मैदान सोडायचं नाही म्हणालात. तुम्ही नसता तर मी घरी असतो!"

काकांच्या डोळ्यांसमोर हिशेब भराभरा मांडला गेला. कुमार घरी. दिनानाथ पहिला. फौजदार दुसरे. आणि तिसरे...

कुमार दोन्ही हात जोडून गेले. काकू पाणी घेऊन परतल्या. "काय म्हणत होते हो ते?"

"काही नाही," काका म्हणाले. "आभार मानत होते."