सखोजी अण्णांची खिडकी

आमच्या शेजारच्या सखोजी अण्णांच्या खिडकीला पडदा नव्हता. तिथे लहान मुलांच्या छात्या टांगलेल्या असत. म्हणजे एक्स-रे हो. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी मी पुण्याहून बेंगळुरात, शिवाजीनगरात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी समोर त्या पांढऱ्या फासळ्या बघून माझ्या हातातलं दूध सांडलं होतं.

अण्णा एक्स-रे वाचणारे डॉक्टर. आसपासच्या गावांतल्या दवाखान्यांत यंत्रं आली होती, पण मुलांचे एक्स-रे वाचणारं कुणी नव्हतं. मग फिल्म बसच्या कंडक्टरकडे द्यायची, अण्णांनी स्टँडवरून आणायची आणि उत्तर परतीच्या बसने धाडायचं, असा रिवाज पडला होता.

फिल्मशी ते गप्पा मारत. "पुट्टी, स्वल्प सरळ उभं राहायचं होतंस की. श्वास का सोडलास मधेच?" पुट्टी म्हणजे कानडीत छोटी. खरं लेकरू समोर आलं की मात्र यांची दातखीळ बसायची. माझी सुमी एकदा चेंडू मागायला गेली, तर हे स्वयंपाकघरात जाऊन लपले. लग्न केलेलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या इथे मुरलेल्या या मराठी माणसाला तीन भाषा येत, पण मुलांशी बोलायला एकही नाही.

एका सकाळी भिंतीवर थापा पडल्या. "अक्का, बेग या, लवकर या."

होसकोट्याहून एका मुलीची फिल्म आली होती. खोकला, छातीत वरच्या बाजूला डाग, क्षय वाटतो, उद्या सॅनेटोरियममध्ये धाडतो, असा निरोप. म्हणजे एवढ्याशा पोरीला आईपासून तोडायचं, आणि किती काळ कुणास ठाऊक.

"डाग आहे, सरी, कबूल. पण बघा, हासळीच्या हाडाच्या वर, पार मानेत गेलाय. क्षय असा फुप्फुस सोडून चढतो का?"

मी निरखलं. डाग कसला, चांगले पेड दिसत होते. रोज सकाळी सुमीचे तेच तर ओढत असते मी. "अहो, वेणी आहे ही. तेल चोपडून घट्ट घातलेली, खांद्यावरून पुढे आलेली."

अण्णांनी टाळीच वाजवली. "मलाही तेच वाटतंय. पण वाटून भागत नाही. केस वर बांधून पुन्हा काढायला हवा. चला."

"मी कशाला?"

"अंबाडा कोण घालणार? मला येतो का?"

बस सुटत होती. अण्णा घरच्या पंच्यावरच धावले, मागोमाग मी. कंडक्टरने सवयीने पार्सल घ्यायला हात पुढे केला. अण्णांनी तोच धरून स्वतःला आत चढवलं. होसकोटे येईपर्यंत ते बसलेच नाहीत.

दवाखान्यात आईने ट्रंक भरून ठेवली होती. मी पोरीचा अंबाडा घातला. नवी फिल्म ओली असतानाच अण्णांनी उजेडात धरली. फुप्फुसं लख्ख. आई रडली, मीही रडले, तिथला डॉक्टर अण्णांचा हात सोडेना. आईने मुलीला पाया पडायला पुढे केलं. अण्णांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तो तसाच अधांतरी राहिला.

"श्वास छान धरलास हं," ते कसंबसं म्हणाले.

परतताना त्यांनी पहिली, चुकलेली फिल्म मागून घेतली आणि खिडकीत मधोमध लावली. बाकीच्या फिल्म येत, जात, ही हलेना. शेवटी मी विचारलंच, "अण्णा, ही आता काय कामाची?"

ते काच पुसत राहिले.

"कामाची नाही, अक्का. घरात एक वेणी असावी, इतकंच."