दौलतरावांच्या फ्लेक्सवरचे पाहुणे

फ्लेक्सवर एक्केचाळीस चेहरे होते. एक दौलतरावांचा, घंगाळाएवढा. वरच्या रांगेत चार वरिष्ठ नेते, प्रत्येकी ताटाएवढे. खाली छत्तीस शुभेच्छुक, वाटीएवढे. शिवाय कोपऱ्यात एक वाघ होता, पण तो मैत्रीने मोजला नव्हता.

मैत्री संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि नोकरी लागेपर्यंत चिखलीत भिमाजीमामाच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम बघत होती. आल्या दिवशीच तिने जाहीर करून टाकलं होतं, "मामा, हे परदेशी सॉफ्टवेअर बंद! यापुढे फुकटातलं वापरायचं. दर महिन्याला भाडं, आणि सोडायचं म्हटलं तर दंड! हे सॉफ्टवेअर आहे का घरमालक?"

"घरमालक बरा," मामा म्हणाला. "तो निदान गणपतीत प्रसाद आणून देतो."

अडचण एकच होती. ते सॉफ्टवेअर फोटोतला केसन्‌केस इतका सफाईने कापायचं, की मैत्री शिव्या देता देता मध्येच "वा!" म्हणून जायची. फुकटातल्याने कापलेली माणसं उंदरांनी कुरतडल्यासारखी दिसत. तरी तिचं ठरलं होतं: दौलतरावांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स शेवटचा. हा झाला की रामराम!

आणि हा फ्लेक्स म्हणजे मामाची परीक्षाच होती. महापालिकेची निवडणूक जवळ आली होती आणि दौलतराव वर्षभराचं सगळं काम एकाच दुकानाला देणार होते. मामाला, नाहीतर समोरच्या प्रज्वलला. मामाने तर छपाईच्या मशीनपुढे नारळ फोडला होता!

मशीन सुरू होणार एवढ्यात दौलतरावांचा उजवा हात समाधान धापा टाकत आत आला.

"ताई, थांबा! तो तिसऱ्या रांगेतला श्याम उडवा!"

"का? काल तर तुम्हीच त्याला मोठा करायला सांगितलंत."

"काल आपला होता! आज सकाळी समोरच्या गटाच्या मिसळ पार्टीत रस्सा मागताना सापडला!"

मैत्रीने श्यामभोवती रेघ ओढली आणि सॉफ्टवेअरला हुकूम सोडला, ही जागा भर. तिला मागचा सोनेरी रंग हवा होता. मामा घाई करत होता, समाधान मानेवर श्वास सोडत होता. श्याम गेला एवढं तिने पाहिलं आणि फाइल छपाईला पाठवली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने शेवटी मोजलं नाही.

संध्याकाळी चौकात फ्लेक्स चढला. मैत्रीने खालून सवयीने चेहरे मोजले. चाळीस हवेत, भरले एक्केचाळीस! पुन्हा मोजले. एक्केचाळीस! श्यामच्या जागी पन्नाशीचे एक गृहस्थ हात जोडून उभे होते. पांढरा सदरा, राखलेली मिशी, कपाळाला अष्टगंध, आणि मुलीचं लग्न आजच ठरल्यासारखं हसू. आजूबाजूला सगळी माणसंच पाहून सॉफ्टवेअरने अंदाज बांधला होता, की इथेही माणूसच हवा असणार. त्याने तो घडवला होता!

"मामा, हा माणूस जगात नाहीये!"

"अरेरे! कधी वारला?"

"वारला नाही, जन्मलाच नाही!"

मामा मटकन फुटपाथवर बसला. "कामून केलंस गं हे, पोरी? गेलं बघ सगळं काम प्रज्वलकडं!"

तोवर कार्यक्रमाला माणसं जमू लागली होती. कुणीतरी विचारलंच, "हे मिशीवाले कोण, राव?"

समाधानला माहीत नव्हतं. पण फ्लेक्सवरचा माणूस आपल्याला माहीत नाही असं चारचौघांत सांगणं म्हणजे राजीनामा देण्यासारखंच! "कोण म्हणजे? निघोज्याचे पाहुणे!" त्याने ठोकून दिलं.

शेजारचा बंटी मागे कसा राहील? "लई साधा माणूस! परवाच चहा घेतला आम्ही."

अर्ध्या तासात पाहुण्यांचे चाकणला दोन गाळे झाले, मुलगा कॅनडाला गेला आणि चिखलीत त्यांच्या भावकीची चारशे मतं निघाली!

दौलतराव गाडीतून उतरले आणि मान वर करून बघत राहिले. "ह्ये पाव्हणं कोण म्हनायचं?"

समाधानने चारशे मतं सांगितली.

"आन् मला आत्ता सांगतोस व्हय? बोलवा त्यास्नी! सत्कार करू. शाल काढा!"

माइकवरून पुकारा सुरू झाला. "निघोज्याचे पाहुणे जिथे असतील तिथून त्यांनी व्यासपीठावर यावं!" सगळा चौक माना वळवून शोधू लागला. एक मिशीवाले काका उगीचच उठायला लागले. त्यांना त्यांच्या बायकोने सदरा ओढून खाली बसवलं. समाधान पांढराफटक पडून मैत्रीकडे धावला. "ताई, नंबर द्या ना त्यांचा! फोटो तुम्हीच लावलाय!"

"गावाला गेलेत म्हण, पोरी!" मामा तिची ओढणी धरून कुजबुजला.

पण चुकीची नोंद तशीच सोडणं मैत्रीच्याने होईना. ती तरातरा व्यासपीठावर चढली आणि दौलतरावांच्या कानात तिने सगळं सांगून टाकलं.

दौलतरावांच्या कपाळावरची शीर टच्च फुगली. "म्हंजी ह्यो मानूस न्हाईच?"

"नाही, काका. चूक माझी आहे. आत्ता उतरवते."

"थांब. मंग ह्यो तिकीट मागनार न्हाई?"

मैत्री गडबडली. "न... नाही."

"फोटो ल्हान झाला म्हनून रुसनार न्हाई?"

"नाही."

"समोरच्यांच्या मिसळीला जानार न्हाई?"

"पोटच नाहीये त्याला, काका. छातीपर्यंतच काढलाय."

दौलतरावांनी खाली आपल्या खऱ्याखुऱ्या शुभेच्छुकांकडे पाहिलं. त्यातले तिघे पहिल्या खुर्चीसाठी एकमेकांची कॉलर धरून उभे होते. मग त्यांनी वर फ्लेक्सकडे पाहिलं. पाहुणे हात जोडून हसत होते. दौलतरावांनी माइक हातात घेतला. "पाव्हण्यास्नी तातडीनं जावं लागलंय. त्यांची शाल ह्या पोरीला द्या!" आणि माइकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "वर्साचं काम तुमालाच. पर ह्ये सॉफ्टवेर सोडू नगा!"

दुसऱ्या दिवशी मामाने सॉफ्टवेअरचं अख्ख्या वर्षाचं भाडं आगाऊ भरायला लावलं. भरताना मैत्रीने दातओठ खाल्ले. ते सुरू झाल्यावर तिला हायसं वाटलं. आणि हायसं वाटल्याचा तिला पुन्हा राग आला!

दौलतरावांचा पुढचा फ्लेक्स नवरात्रात लागला. चेहरे एकूण चौसष्ट. त्यातले जन्मलेले एकोणतीस.