कठड्याच्या गरजेचा अभ्यास

गल्लीतून मोठ्या रस्त्यावर उतरणाऱ्या पायऱ्यांना कठडा नव्हता आणि म्हातारी माणसं तिथे पडत. आता आपल्या सासूबाईंची पाळी, या धास्तीने शिंपीणबाईंनी एका संस्थेकडे कठडा मागितला. संस्थेकडे कठड्यासाठी निधी नव्हता. कठड्याच्या गरजेवरील लोकसहभागी संशोधनासाठी मात्र मुबलक होता. नाही मामापेक्षा काणा मामा बरा म्हणून बाईंनी तो घेतला.

तेवढ्यात शेजारच्या वेल्डरने उरल्यासुरल्या नळ्या जोडून फुकटात कठडा ठोकून दिला. संस्थेचे मूल्यमापक आले आणि कठडा पाहून मटकन खाली बसले.

"अहो, हे काय करून ठेवलंत? आता कुणी पडलंच नाही तर गरज सिद्ध कशी करायची?"

"पण साहेब, गरज भागली ना!"

"भागली, पण पुराव्याशिवाय. मानकात बसत नाही ते."

गल्लीची सभा भरली. हा प्रकल्प बुडाला तर पुढे दिव्याचं आणि गटाराचं संशोधनही मिळणार नाही, हे सर्वांना पटलं. कठडा काढायच्या बाजूने हात वर झाले. शिंपीणबाईंनीही हात वर केला, आणि घरी जाईपर्यंत त्यांना स्वतःची लाज वाटत राहिली.

महिनाभर म्हातारी मंडळी बसत बसत पायऱ्या उतरली. कुणीच पडेना, त्यामुळे संशोधनाचा नमुना अपुरा पडू लागला. मूल्यमापकांनी बसून उतरण्यावर हरकत घेतली. तसं उतरण्याने म्हणे स्वाभाविक वर्तन बिघडत होतं. सासूबाई उभ्याने उतरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या.

मूल्यमापक इस्पितळात धावले. "आजी, पडताना आपण प्रक्रियेत सहभागी आहोत असं वाटलं का? पूर्णपणे, अंशतः की मुळीच नाही?"

"मेल्या, तू पडून बघ!"

"पूर्णपणे," त्यांनी नोंदवलं.

अहवालात गरज निर्विवाद सिद्ध झाली. बाईंनी विचारलं, "आता लावायचा का कठडा? वेल्डरकडे तयार पडलाय."

"भलतंच! लावलात तर निष्कर्ष कालबाह्य होतील. अजून त्यांचा प्रसार व्हायचाय. चार सुजाण माणसांनी हे वाचावं, थोडं हसावं, शेवटी हळहळावं, की प्रकल्प पूर्ण."

सासूबाई अजून अंथरुणावर आहेत. वाचकहो, आपण इथवर वाचलंत, त्याबद्दल संस्था आपली आभारी आहे. प्रकल्प पूर्ण झाला.