पाताळातून उलट्या पावलांनी

बन्सीधर मास्तरानं झरी गावात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, नाटकाला येताना कोरडा पंचा आणा, रडायचं आहे. हैदराबादेत शिकताना त्यानं ग्रीक लोकांची एक जुनी कथा वाचली होती. गायकाची बायको मरते. तो गात गात पाताळात उतरतो. तिथला राजा गाण्यावर खूश होऊन तिला परत देतो. अट एकच, बाहेर पडेपर्यंत मागं वळून बघायचं नाही. गायक बघतो आणि ती कायमची जाते. मास्तरानं त्याचं नवंकोरं संगीत नाटक केलं.

शेवटचं विलापाचं पद मात्र त्यानं एकाच माणसासाठी लिहिलं होतं. त्याची बायको मनकर्णा गेली तेव्हा तो सरणाजवळ लाकडासारखा उभा राहिला होता, डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तेव्हापासून सासूबाई पार्वतीबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्या आज पुढंच बसल्या होत्या. हे पद ऐकलं की त्यांना कळेल, एवढीच त्याची आशा.

गायक झाला भुजंग, तहसील कचेरीतला चपराशी, सोन्यासारख्या गळ्याचा. राजा झाले त्याच कचेरीतले पेशकार, म्हणजे भुजंगाचे साहेब, किशनराव. दुकानदार सांबप्पा मिशा उतरवून बायको झाला.

पाताळापर्यंत सगळं झकास चाललं. राजानं हात हलवून बायकोला नेण्याची परवानगी दिली, आणि भुजंगाचा घात झाला. खुर्चीत साहेब बसले असताना पाठ दाखवायची नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो कमरेत वाकला आणि सलामामागून सलाम ठोकत उलट्या पावलांनी निघाला. मध्ये सांबप्पा, भुजंग सरळ त्याच्या तोंडाकडं बघतोय!

मास्तर विंगेतून कुजबुजला, "अरे, वळ!"

"सायेब बसलेत की समोर. पाठ कशी दावू?"

मग मास्तरानं सांबप्पाला मरायची खूण केली. सांबप्पा मुरलेला दुकानदार, तो भर नाटकात अडून बसला.

"मरू कसा? यानं मागं वळून बघितलंच न्हाई. याचं मागं तिकडं हाय!"

लोकांना ते पटलं. बिचारीला घरी जाऊ द्या म्हणून गलका झाला. किशनरावांनी क्षणभर विचार केला आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "मंजूर."

बायको सुटली. भुजंग मास्तराच्या अंगावर आदळला. पडदा पडला आणि विलाप राहिलाच. वर लोकांनी वन्स मोअर दिला, तेव्हा उलटं चालणं पुन्हा करून दाखवावं लागलं.

मास्तर तोंड लपवून मागच्या बाजूनं निसटला, तर वाटेत पार्वतीबाई उभ्या. पदर तोंडाला लावलेला. हसतायत की काय, कळेना. शेवटी एक पद होतं, असं काहीतरी तो पुटपुटला.

"ऱ्हाऊ द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीमागं त्या चपराश्याला धाडलं असतं, तर आली असती वापस."

मास्तराला तिथंच रडू फुटलं, पडदा सोडणाऱ्या माणसांसमोर, पोरासारखं. झरीत मात्र अजून सांगतात, नाटक पडलं म्हणून मास्तर रडला.