तीन दिवसांचा खरा आहार

शनिवारी सकाळी आठ वाजता मॅडम स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, बुधवारी आपण काय खाल्लं ते ठरवत होत्या. खरं तर ते आठवायचं असतं. पण आठवायला गेलं की चहा आणि त्यासोबतचे टोस्टच डोळ्यांसमोर येत होते, म्हणून त्यांनी आठवणं सोडून सरळ लिहायला घेतलं होतं.

नवऱ्याने मागून डोकावून पाहिलं. "वाफवलेली ब्रोकोली? अगं, आपल्या घरात ब्रोकोली आली कधी?"

"आली नाही म्हणून काय लिहायची नाही?"

"आणि सफरचंद सालासकट?"

"मग सोलून लिहू? शोभेल का मला?"

नवरा आपला चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेला. अठरा वर्षं एका मोठ्या इस्पितळात आहारतज्ज्ञ असलेल्या बाईला काय शोभतं, हे तिच्याहून जास्त कुणाला कळणार!

घोडं अडलं होतं ते परिषदेपाशी. आहारतज्ज्ञांनी शिक्षण थांबवू नये म्हणून परिषदेने नियम केला होता, की दर पाच वर्षांत कार्यशाळा करून तीस पॉइंट जमवायचे, नाहीतर नोंदणी रद्द. मॅडमचे सत्तावीस झाले होते. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. नोंदणी गेली की मॅडमना एकाही रुग्णाच्या आहारपत्रकावर सही करता आली नसती. ती सही त्यांच्या हाताखालच्या मुलीने केली असती आणि त्या मुलीला सही कुठे करायची हेसुद्धा मॅडमनीच शिकवलं होतं.

शनिवारच्या कार्यशाळेचे बरोब्बर तीन पॉइंट होते. अट एकच. आपण स्वतः तीन दिवसांत काय खाल्लं त्याची प्रामाणिक डायरी, परिषदेच्या छापील तक्त्यावर लिहून, नाव न घालता, खाकी पाकिटातून आणायची. रुग्णांना आपण रोज जे करायला लावतो ते स्वतः करून बघा, असा त्यामागचा उदात्त हेतू होता. मॅडमनी तो हेतू वाचला, पटवून घेतला आणि वीस मिनिटांत तीन दिवसांचं जेवण रचून काढलं.

वाटेत त्यांना इस्पितळात एक काम होतं. त्यांचे पेशंट बेकरीवाले काका साडेअकराला साखरेच्या डॉक्टरांकडे येणार होते. त्यांचीही तीन दिवसांची डायरी फाइलला लावायची होती. काकांचे हात कायम पिठात, त्यामुळे ते तोंडाने सांगत आणि मॅडम लिहून घेत. इस्पितळातही परिषदेचाच तक्ता वापरत. दोन्ही डायऱ्यांवर अक्षर मॅडमचं, दोन्ही पाकिटं खाकी. मॅडमनी पर्समध्ये हात घातला, पाकीट काढलं, नर्सच्या हातात दिलं, "काकांच्या फाइलला टाच हं," म्हणाल्या आणि धावतपळत कार्यशाळा गाठली.

कार्यशाळा घेणाऱ्या बाईंचा लौकिक मोठा होता. चाळीस वर्षं त्यांनी रुग्णांकडून खरं वदवून घेतलं होतं. चष्मा त्या नाकावर ठेवत आणि माणूस चष्म्यावरून बघत. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे फोन एका प्लास्टिकच्या टबात जमा केले.

"एक वाजेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. जो जाईल त्याचे पॉइंट गेले. डायऱ्या द्या."

बावीस पाकिटं जमली. बाई एकेक उघडून मोठ्याने वाचू लागल्या. "ओट्स, बिनसाखरेचे. सूप, बिनमिठाचं. ओट्स. उकडलेलं अंडं, बलकाशिवाय. सूप. सफरचंद, सालासकट." दहा डायऱ्या झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "तीन दिवस, दहा माणसं, आणि एकाच्याही पोटात एक बिस्कीट नाही. अहो, इतकी गुणी माणसं एका खोलीत मी जन्मात बघितली नव्हती!"

खोलीत कुणी कुणाकडे बघेना. बाईंनी अकरावं पाकीट उघडलं.

"पहाटे साडेपाच. क्रीम बन, एक. चव बघायला." बाई थांबल्या. "पावणेसहा. क्रीम बन, एक. पहिल्याची चव नीट लक्षात राहिली नाही म्हणून. सात वाजता केकच्या कडा. कडा विकता येत नाहीत, टाकवत नाहीत. नऊ वाजता बायकोसमोर काकडी."

खोली हसून लोटपोट झाली. बाईंनी डोळे पुसले. "हे खरं! याला म्हणतात डायरी. चाळीस वर्षांत असं काही वाचलं नव्हतं. कुणाची आहे? तिचे तीन पॉइंट मी आत्ताच्या आत्ता लिहिते. बाकीच्यांचं नंतर बघू."

मॅडमना लांबूनच आपलं अक्षर दिसलं. अक्षर आपलं आणि पॉइंट तीन, एवढ्या दोनच गोष्टी त्यांच्या डोक्यात शिरल्या आणि हात वर गेला. डोकं मागाहून पोचलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

"या, पुढे या. या खुर्चीत बसा. आता आपण सगळे मिळून यांना समजून घेऊ."

मॅडम पुढच्या खुर्चीत बसल्या. समोर एकवीस आहारतज्ज्ञ, आणि एकवीस चेहऱ्यांवर तोच समजूतदार भाव, जो मॅडम स्वतः रोज सकाळी नऊपासून चेहऱ्यावर चढवत आल्या होत्या. तो समोरून कसा दिसतो हे त्यांना आजच कळलं, आणि कुठेतरी पळून जावंसं वाटलं.

"ताई, पहाटे साडेपाचला बन... घरी काही ताण आहे का?" एकीने हळुवारपणे विचारलं.

"नाही हो. चव बघावी लागते."

"कुणासाठी?"

"गिऱ्हाइ..." मॅडमनी जीभ चावली. "घरच्यांसाठी."

"बायकोसमोर काकडी असं लिहिलंय," एका तरुण आहारतज्ज्ञाने अदबीने म्हटलं. "काही हरकत नाही मॅडम. आम्ही कुणालाच नावं ठेवत नाही."

मॅडमनी नुसती मान डोलावली. आणि त्याच क्षणी, काकांची डायरी इथे आहे तर आपली कुठे आहे, हा प्रश्न त्यांना पडला. उत्तरही लगेच मिळालं. आपली डायरी काकांच्या फाइलला टाचलेली आहे. साडेअकराला डॉक्टर ती वाचणार. माणूस वाफवलेली ब्रोकोली खाऊन जगतोय आणि तरी साखर अडीचशेच्या वर, म्हटल्यावर डॉक्टर काय करणार? औषध वाढवणार! तेही ज्याचा खरा इलाज दोन बन कमी करणं आहे, त्या माणसाला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा पस्तीस झाले होते.

"बाई, मला एक फोन करायचाय."

"खरं जवळ आलं की रुग्णाला नेहमी फोन आठवतो," बाई वर्गाकडे वळून म्हणाल्या. "लिहून घ्या हे."

"बाई, खरंच तातडीचं आहे!"

"आवाज चढणं. हेही लिहून घ्या."

एकवीस पेनं चालू लागली. मॅडम उभ्या राहिल्या. तीन पॉइंट त्यांच्या नावावर लागलेले होते, नुसतं एक वाजेपर्यंत गप्प बसायचं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं, "ही डायरी माझी नाही. माझ्या पेशंटची आहे. माझी त्याच्या फाइलला लागलीय, आणि ती अथपासून इतिपर्यंत खोटी आहे. डॉक्टर आत्ता ती बघून त्याचं औषध वाढवतील!"

पेनं थांबली. बाईंनी टबातला फोन काढून त्यांच्या हातात ठेवला. घाईघाईत बोट भलतीकडे पडलं आणि फोन स्पीकरवरच लागला.

"बोला मॅडम," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या काकांचीच फाइल समोर आहे. कमाल आहे हो! एवढं पाळतात आणि साखर दोनशे साठ? इन्सुलिन लिहितोय आता."

"थांबा! लिहू नका! ती डायरी त्यांची नाही!"

"त्यांची नाही कशी? मी ओळ न् ओळ वाचून दाखवली. प्रत्येक ओळीला हो म्हणाले ते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि काकांचा आवाज फोनवर आला. "मॅडम, मी आहे. डॉक्टर वाचत गेले, मी ऐकत गेलो. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी लिहिलं नव्हतं हो. नाही म्हणवेना."

"काका, ती माझी डायरी आहे!"

"तुमची?" काकांचा आवाज चिंतेचा झाला. "मग तुम्ही इतकं कमी खाऊन उभ्या कशा राहता?"

"नाही खात हो मी तसं," मॅडम हताशपणे म्हणाल्या. "रचलंय मी ते."

"अस्सं," काका म्हणाले. त्या एका शब्दात जोडीला कुणी सापडल्याचा इतका आनंद होता, की मॅडमना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. डॉक्टरांनी इन्सुलिनवर काट मारली आणि फोन ठेवला.

मॅडमचा जीव भांड्यात पडला खरा, पण मान वर होईना. बाईंनी लिहिलेले तीन पॉइंट स्वतःच्या हाताने खोडले. मग उरलेल्या अकरा पाकिटांवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "यातलं एखादं खरं आहे? एकसुद्धा?"

शेवटच्या रांगेतला तरुण आहारतज्ज्ञ उठला, पुढे आला आणि आपलं पाकीट गुपचूप उचलून घेऊन गेला. त्याच्यामागून आणखी एक जण. दोन मिनिटांत टेबल रिकामं झालं.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला स्वतःला लिहायला सांगण्यात अर्थ नाही. काय लिहिलं की सुटका होते ते तुम्हाला पाठ आहे. सोमवारी पाचच्या आत प्रत्येकाने दुसऱ्याने विचारून लिहून घेतलेली डायरी आणायची. तो दुसरा माणूस आहारतज्ज्ञ नको. घरचाही नको, घरच्यांना तुम्ही दटावाल. खाली त्याची सही हवी, हे खरं आहे म्हणून. मग पॉइंट."

मॅडमनी रविवारभर विचार केला. शेजारीण चालली नसती, ती सगळ्यांना सांगत सुटली असती. इस्पितळातलं कुणी चालणार नव्हतं. शेवटी सोमवारी सकाळी दहा वाजता, पहिली गर्दी ओसरल्यावर, त्या बेकरीत गेल्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात धुतले, कोपरापर्यंत पुसले, चष्मा लावला आणि भट्टीजवळच्या स्टुलावर बसून तक्ता मांडीवर घेतला.

"काल सकाळपासून सांगा," ते म्हणाले.

"सकाळी उठल्यावर चहा," मॅडम म्हणाल्या. "बिनसाखरेचा."

काकांनी पेन टेकवलं नाही. ते चष्म्याच्या वरून मॅडमकडे बघत राहिले. "मॅडम, खाली सही माझी आहे."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. "साखर, दोन चमचे."

"सपाट, की शीग लावून?"

"काका!"

"विचारावं लागतं. तुम्हीच विचारता."

"शीग लावून," मॅडम पुटपुटल्या.

काकांनी रकाना सावकाश भरला. "बरोबर काही?"

"दोन टोस्ट." काका गप्प. "चार. आणि लेकीने ताटात टाकलेलं अर्धं सँडविच, ओट्याशी उभ्यानेच. दुपारी जेवले नाही. संध्याकाळी केक."

"केक कुठला?" काकांनी पहिल्यांदाच मान वर केली. "आमच्याकडचा नाही. तुम्हाला मी कधी दुकानात बघितलं नाही."

"दोन गल्ल्या सोडून जाते मी," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या दुकानात मला सगळे ओळखतात."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग त्यांनी 'केक, एक तुकडा' असं लिहिलं, पुढे कंसात 'परका' असं लिहिलं, आणि सही न करताच तक्ता पुन्हा मांडीवर नीट केला.

"तुकडा एकच होता का?" त्यांनी विचारलं.