निर्णयक्षमता, तिसरी तिमाही

वैयक्तिक विकास आराखडा मंजूर झाल्याशिवाय कोणाही विद्यार्थ्यास नोकरीसाठी ना-हरकत पत्र मिळणार नाही, असे विद्यापीठाने जाहीर केले. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षातल्या, वर्गात ‘भिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात वावगे वाटले नाही. विकासाला नाही म्हणणारा तो कोण?

रोजगारक्षमता संवर्धन कक्ष जिन्याखाली होता. खुर्च्यांवरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नव्हते. बसणारा प्रत्येक जण आपल्या भवितव्यासारखाच हळूहळू खाली घसरत असे.

“उणिवांचा रकाना कोरा कसा?” मार्गदर्शक मॅडमनी विचारले.

“तशी काही सुचली नाही, मॅडम.”

“अरे, उणीवच नाही तर विकास कशाचा करायचा? सभाधीटपणाचा अभाव मघाच्या मुलाने नेला. वेळेचे भान नसणे त्या मुलीने घेतले. निर्णयक्षमतेचा अभाव शिल्लक आहे. चालेल?”

“चालेल.”

“इतक्या पटकन नको. शोभत नाही ते आता तुला.”

आराखडा रीतसर तयार झाला. पहिल्या तिमाहीत उणिवेची जाणीव, दुसरीत तिचा स्वीकार, तिसरीत प्रत्यक्ष निर्णय.

दुसरी तिमाही चालू असताना बीजपरीक्षण प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी भिंगला बोलावले. रुजणारे बी आणि नुसतेच फुगलेले बी तो नजरेने वेगळे करतो, हे त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी हेरले होते. ते म्हणाले, “सोमवारी रुजू व्हा. विद्यापीठाचे पत्र तेवढे आणा.”

त्याची ताई रुग्णालयात परिचारिका होती आणि घर चालावे म्हणून दोन पाळ्या करत होती. बातमी ऐकून ती पलंगावर आडवी झाली आणि कितीतरी दिवसांनी मोकळे हसली. “एक पाळी सुटली रे माझी! आता तुझे कपडे मात्र तूच धुवायचेस, साहेब.”

भिंग कक्षात गेला. “मॅडम, मी नोकरी स्वीकारायचे ठरवले आहे.”

मॅडमनी चष्मा काढला. “ठरवले? कोणी?”

“मीच.”

“हे बघ, तुझ्यात निर्णयक्षमता नाही. तिसऱ्या तिमाहीत येणार आहे. आत्ता घेतलेला निर्णय आम्ही ग्राह्य कसा धरायचा?”

“पण मला घेता आला, मॅडम.”

“म्हणजे आराखडा खोटा?” त्यांचा आवाज दुखावलेला होता. “तुझ्या एकट्यासाठी तीनशे मुलांच्या विकासावर बोळा फिरवू?”

संध्याकाळी ताई तणतणत कक्षात आली. “बाई, माझ्या भावाच्या वतीने मी ठरवते. झाले?”

“तुम्ही ठरवलेत तर परावलंबन ही नवी उणीव लागेल. तिचा आराखडा पुढच्या वर्षी.”

“अहो, त्याला उणीव तुम्हीच चिकटवलीत ना?”

“आणि त्याने ती घेतली. ठामपणे नाही म्हणाला का? मग निदान बरोबरच होते.”

ताईने तिथेच लेखी तक्रार दिली. प्रकरण विद्यापीठाच्या समितीकडे गेले. समितीने त्याचा सहानुभूतीपूर्वक विचार केला आणि निर्णय पुढील बैठकीपर्यंत लांबणीवर टाकला. सोमवार मात्र कोणत्याही समितीपुढे न जाता उजाडला. दुपारपर्यंत वाट पाहून प्रयोगशाळेने दुसरा माणूस घेतला. त्याला बियांतले काही कळत नव्हते, पण पत्र होते.

त्यानंतर भिंगमध्ये लक्षणीय बदल दिसू लागला. एकदा दुसरी पाळी संपवून ताई घरी आली, तेव्हा तो एका पायात बूट घालून उंबऱ्यात उभा होता.

“बाहेर चाललास की आलास?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. उजेड त्याच्या बुटावरून सरकत भिंतीवर गेला आणि तिथे विझला. ताईने खाली बसून दुसरा बूटही त्याच्या पायात चढवला, मग थोडे थांबून दोन्ही काढले.

वार्षिक अहवालात कक्षाने त्याचे छायाचित्र छापले. खाली मजकूर होता : ‘उणिवेचा संपूर्ण स्वीकार. दुसरी तिमाही यशस्वी.’

ही हकिकत वाचून हसावे की हळहळावे, हे ज्या वाचकांना ठरवता येत नाही, त्यांच्यासाठी जिन्याखालच्या कक्षात नोंदणी सुरू आहे. ज्यांचे आधीच ठरले आहे, त्यांनी ते कोणाच्या मंजुरीने ठरवले, याचा लेखी खुलासा करावा.